प्रत्यारोपणानंतरची रोजची कॅप्सूल: मायलोमाचा मेंटेनन्स उपचार घरी कसा सांभाळावा

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाचे स्वतःच्याच, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचे प्रत्यारोपण पार पडते, रक्तातील पेशी पुन्हा वाढू लागतात, गेलेले केस परत येतात आणि घर हळूहळू पूर्वपदावर येऊ लागते. साधारण तीन महिन्यांनी डॉक्टर एक नवी चिठ्ठी लिहून देतात. तिच्यावर बहुधा लेनालिडोमाइड १० मिलिग्रॅम, रोज एक, असे लिहिलेले असते. माझ्या वडिलांना ही चिठ्ठी मिळाली तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता: आजार गेला, मग आता औषध कशासाठी? त्या दिवशी आम्हाला उत्तर नीट समजले नव्हते, आणि पुढच्या काही महिन्यांत झालेल्या चुका त्या न समजण्यातूनच झाल्या. दर महिन्याच्या दहा मिनिटांच्या भेटीत सगळे सांगून होत नाही, म्हणून घरी करायच्या गोष्टी येथे सविस्तर लिहीत आहे. मात्र मात्रा ठरवणे, बदलणे किंवा थांबवणे हे काम रक्तविकारतज्ज्ञाचेच आहे.

आधी एक खुलासा. दात्याच्या पेशी घेऊन ज्यांचे प्रत्यारोपण झाले आहे, त्यांची औषधे वेगळी असतात. त्यांना सायक्लोस्पोरीन किंवा टॅक्रोलिमससारखी, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून दिलेली औषधे घ्यावी लागतात, आणि फिलाडेल्फिया गुणसूत्र असलेल्या ल्युकेमियात इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिबसारखी औषधे दिली जातात. पुढील मजकूर स्वतःच्या पेशींचे प्रत्यारोपण झालेल्या मायलोमाच्या रुग्णांसाठी आहे.

औषध कशासाठी

मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे. प्रत्यारोपणाच्या वेळी मेलफालान हे केमोचे औषध मोठ्या मात्रेत दिले जाते आणि त्याने आजाराच्या बहुतेक पेशी मरतात. त्यात मज्जाही उजाड होते, म्हणून आधी गोळा करून गोठवून ठेवलेल्या मूळपेशी परत दिल्या जातात. याचा अर्थ असा, की आजारावर घाव मेलफालानचा असतो आणि मूळपेशी मज्जा पुन्हा उभी करण्यासाठी असतात. या घावातून काही रोगपेशी वाचतात. रिपोर्टमध्ये आजार दिसत नाही असे लिहिलेले असले, तरी मायलोमा बहुतेकांमध्ये कधीतरी पुन्हा डोके वर काढतो. ती वेळ जितकी लांबवता येईल तितकी लांबवणे, हे मेंटेनन्सचे काम आहे.

हे काम किती होते याचे आकडे उपलब्ध आहेत. प्रत्यारोपणानंतर लेनालिडोमाइड घेणारे आणि न घेणारे अशा एकूण १,२०८ रुग्णांच्या तीन चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांमध्ये आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ (म्हणजे निम्म्या रुग्णांमध्ये आजार वाढायला लागलेला वेळ) ५२.८ महिने होता, न घेणाऱ्यांमध्ये २३.५ महिने. सात वर्षांनंतर पहिल्या गटातील ६२ टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातील ५० टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या वापराला मान्यता दिली. हे आकडे मी वडिलांना कागदावर लिहून दाखवले, कारण औषधाचा त्रास रोज जाणवतो आणि फायदा डोळ्यांना दिसत नाही. तो निदान कागदावर तरी दिसावा, असे मला वाटले.

सुरू करण्यापूर्वी

प्रत्यारोपणानंतर मज्जा सावरल्याशिवाय हे औषध सुरू करत नाहीत. सर्वसाधारणपणे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १,००० च्या वर आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ७५,००० च्या वर गेल्या, की सुरुवात होते. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहूनच मात्रा ठरते. ज्यांची मूत्रपिंडे मायलोमामुळे आधीच अधू झाली आहेत, त्यांना दुसऱ्या रुग्णापेक्षा कमी मात्रा दिली, तर तो हलगर्जीपणा समजू नये. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, हे विचारून घ्यावे, कारण शरीरात दडून बसलेला हा विषाणू या उपचारात पुन्हा जागा होऊ शकतो. पूर्वी कधी क्षयरोग झाला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, तर तेही न विचारता सांगावे.

यानंतरची गोष्ट आपल्याकडे संकोचापायी बोलली जात नाही, आणि तीच सर्वांत कडक नियमांची आहे. लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या कुळातील औषध आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड १९६१ मध्ये मागे घेतले गेले, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या आणि इतर गंभीर व्यंगांसह जन्मली होती. म्हणून गर्भधारणा होऊ शकते अशा स्त्रीने औषध सुरू करण्याच्या चार आठवडे आधीपासून, औषध चालू असेपर्यंत आणि बंद झाल्यावर आणखी चार आठवडे खात्रीची गर्भनिरोधक साधने वापरणे बंधनकारक आहे, आणि गर्भधारणेची चाचणी सुरुवातीपूर्वी दोनदा व पुढे ठरलेल्या अंतराने करावी लागते. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढत असल्यामुळे कोणते साधन वापरायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. औषध वीर्यातही उतरते, त्यामुळे पुरुष रुग्णाने नसबंदी झालेली असली तरी या संपूर्ण काळात आणि त्यानंतर चार आठवडे कंडोम वापरला पाहिजे. याच काळात रक्तदान करू नये.

घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर औषधाचा डबा भरण्याचे काम तिच्याकडे देऊ नये. कॅप्सूल कोणीही उघडू नये, फोडू नये, चावू नये. ती फुटून भुकटी हाताला लागलीच, तर साबण आणि पाण्याने लगेच हात धुवावेत.

रोज घेण्याची पद्धत

काही ठिकाणी हे औषध २८ दिवस सलग देतात आणि तीन चक्रांनंतर (एक चक्र २८ दिवसांचे) त्रास नसेल तर मात्रा १५ मिलिग्रॅम करतात, तर काही ठिकाणी २१ दिवस देऊन ७ दिवस सुट्टी ठेवतात. दोन्ही पद्धती वापरात आहेत. शेजारच्या खाटेवरील रुग्णाची पद्धत पाहून आपली बदलू नये. सुट्टीच्या पद्धतीत चुका जास्त होतात, कारण आठवा दिवस उजाडला की औषध पुन्हा सुरू करायचे लक्षात राहत नाही. आमच्याकडे त्यावर एक साधा उपाय लागू पडला: भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नव्या चक्राच्या पहिल्या दिवशी लाल गोल करायचा आणि कॅप्सूल पोटात गेल्यावरच त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. खूण आधी करून ठेवली, तर ती विश्वासाची राहत नाही.

कॅप्सूल रोज एकाच वेळी, पाण्याबरोबर, अख्खी गिळावी. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. वेळ चुकली आणि बारा तासांच्या आत लक्षात आले, तर घ्यावी. बारा तास उलटून गेले असतील, तर ती सोडून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी एकच घ्यावी, दोन कधीही घेऊ नयेत. एकदा औषधाच्या दुकानात आम्हाला १० ऐवजी दुसऱ्याच मात्रेची पट्टी मिळाली होती, आणि ती घरी येऊन चिठ्ठीशी ताडून पाहिल्यामुळेच कळले. तेव्हापासून पट्टीवरचा आकडा काउंटरवरच वाचून घेतो. कॅप्सूल संपण्याच्या आठ-दहा दिवस आधी पुढचा साठा आणावा, कारण तालुक्याच्या ठिकाणी हे औषध सहज मिळेलच असे नाही.

रक्ततपासणी आणि रिपोर्ट वाचणे

पहिल्या दोन महिन्यांत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बहुधा दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्यातून एकदा करावी लागते. नांदेड किंवा चंद्रपूरहून मुंबईला दर आठवड्याला येणे शक्य नसते. सीबीसी गावाजवळच्या प्रयोगशाळेत करून रिपोर्ट डॉक्टरांच्या टीमला पाठवायची सोय बहुतेक ठिकाणी मान्य होते. ती कोणाला आणि कोणत्या क्रमांकावर पाठवायची, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्यावे.

अनेक लहान प्रयोगशाळांच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिलची नेमकी संख्या दिलेली नसते, फक्त एकूण पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिलचे टक्के असतात. संख्या आपणच काढायची. पांढऱ्या पेशी ३,२०० आणि न्यूट्रोफिल ४५ टक्के असतील, तर ३,२०० ला ४५ ने गुणून १०० ने भागावे, म्हणजे १,४४० येतात. ही संख्या ५०० च्या खाली गेली किंवा प्लेटलेट ३०,००० च्या खाली गेल्या, तर औषध थांबवून, पेशी सावरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करण्याची पद्धत आहे. असा रिपोर्ट हातात आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा. औषध थांबले म्हणजे उपचार फसला, असे मुळीच नाही. १० ची मात्रा ५ होणे हे या वाटेवर नेहमीच घडते.

मायलोमाचा माग काढणाऱ्या तपासण्या वेगळ्या आहेत: रोगपेशी तयार करतात ते रक्तातील एम प्रथिन मोजणारी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि अशाच प्रथिनांचे सुटे तुकडे मोजणारी फ्री लाइट चेन. या मात्र दर वेळी एकाच प्रयोगशाळेत कराव्यात, कारण यंत्र आणि पद्धत बदलली की आकडा थोडा हलतो आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते. एम प्रथिन नीचांकी पातळीपासून २५ टक्क्यांनी आणि किमान ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढले, आणि ही वाढ लागोपाठ दुसऱ्या तपासणीतही टिकली, तर आजार वाढला असे धरतात. ०.१ वरून ०.२ झाले म्हणून कोसळून जाऊ नये. डॉक्टरांना जरूर दाखवावे.

यांशिवाय क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, कॅल्शियम आणि दर काही महिन्यांनी थायरॉइडचे काम दाखवणारा टीएसएच पाहावा. लेनालिडोमाइडमुळे थायरॉइड मंदावू शकतो, आणि तेव्हा येणारा थकवा औषधाचा म्हणून सोसला जातो. वडील दोन महिने दुपारभर झोपून राहत आणि आम्ही ते वयाच्या खाती टाकत होतो. टीएसएच तपासल्यावर कारण कळले आणि थायरॉइडच्या गोळीने फरक पडला.

त्रास झाल्यास काय करावे

या उपचारात मी दोन प्रकारचे रुग्ण पाहिले. काहींना बरे वाटू लागते, म्हणून ते कॅप्सूल आपणहून बंद करतात. काही जण त्रास होत असूनही, औषध बंद होईल या भीतीने, डॉक्टरांना काहीच सांगत नाहीत. या दुसऱ्या प्रकारची माणसे घरात जास्त असतात, आणि त्यांच्याकडे घरच्यांनी अधिक लक्ष द्यावे.

ताप ही तातडीची बाब आहे. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो दिवस असो वा रात्र, रुग्णालयाशी संपर्क साधावा. आधी पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नये, कारण न्यूट्रोफिल कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो. बारीक ताप, रात्रीचा घाम आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला, तर क्षयरोगाची तपासणी व्हावी.

एका पायाची पोटरी सुजणे, दुखणे, गरम लागणे, किंवा अचानक धाप लागणे आणि छातीत दुखणे, ही रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात. गुठळी होऊ नये म्हणून बऱ्याच रुग्णांना अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन दिले जाते, पण प्लेटलेट कमी असताना तेच रक्तस्रावाचे कारण होते, म्हणून सीबीसी पाहून ते चालू ठेवायचे की नाही हे विचारत राहावे. एसटीच्या किंवा रेल्वेच्या लांबच्या प्रवासात तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे आणि पाणी पिण्यात कसूर करू नये.

पोटाचा त्रास बहुधा काही महिन्यांनी सुरू होतो. तेलकट जेवणानंतर लगेच, पाण्यासारखे जुलाब होत असतील, तर ते पित्तातील आम्ले आतड्यात नीट शोषली न गेल्यामुळे असू शकतात. जेवणातील तेल-तूप कमी केल्याने अनेकांना उतार पडतो, आणि नाही पडला तर कोलेस्टायरामीनसारखे पित्त बांधून ठेवणारे औषध डॉक्टर देऊ शकतात. ते इतर औषधांपासून काही तास लांब घ्यावे लागते, नाहीतर ती औषधेही बांधली जातात. रात्री पायांत वांब येणे, अंगावर खाजरे पुरळ येणे, हेही नेहमीचे. पुरळ अंगभर पसरले, तोंडात फोड आले किंवा कातडी सुटू लागली, तर कॅप्सूल न घेता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या कर्करोगाची भीती लोक दबक्या आवाजात बोलतात, म्हणून तीही स्पष्ट लिहितो. वर सांगितलेल्या विश्लेषणात आजार पुन्हा वाढण्यापूर्वी रक्ताचा दुसरा कर्करोग औषध घेणाऱ्यांपैकी ५.३ टक्के जणांना झाला, तर न घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के जणांना. इतर अवयवांच्या गाठींचे प्रमाण ५.८ आणि २.० टक्के होते. हा धोका खरा आहे, आणि तो धरूनही एकूण आयुष्य औषध घेणाऱ्यांचेच वाढलेले दिसले. यावर करायचे ते इतकेच, की वयाला साजेशा तपासण्या, म्हणजे स्तनांची, गर्भाशयमुखाची, प्रोस्टेटची, तोंडाची आणि त्वचेची तपासणी, वेळच्या वेळी करावी, आणि कारण नसताना सीबीसीतील आकडे सतत घसरू लागले तर त्याचा शोध घ्यायला सांगावे.

सोबतची औषधे, आणि टाळायची औषधे

प्रत्यारोपणानंतर नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर साधारण वर्षभर, आणि फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून बचाव म्हणून को-ट्रायमॉक्साझोल काही महिने देतात. बरे वाटते म्हणून ही ‘छोटी’ औषधे सर्वांत आधी सुटतात. ज्याने नागिणीची आग सोसली आहे, तो ही चूक करणार नाही.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची सलाइन महिन्याला किंवा तीन महिन्यांनी दिली जाते, बहुधा दोन वर्षांपर्यंत. ती सुरू होण्याआधी दंतवैद्याकडून दातांची तपासणी आणि काढायचे दात काढून घेणे अत्यावश्यक आहे, कारण हे औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचे हाड उघडे पडून ते न भरण्याचा धोका असतो. घरात कोणी मिशरी लावत असेल किंवा तंबाखू खात असेल, तर हिरड्यांची अवस्था अधिकच तपासून घ्यावी. प्रत्येक सलाइनपूर्वी क्रिएटिनिन पाहिले गेले आहे याची खात्री करावी.

पाठ किंवा कंबर दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेणे मायलोमाच्या रुग्णाने पूर्णपणे टाळावे, कारण त्याने मूत्रपिंडांना इजा होते. सीटी स्कॅनपूर्वी रंगद्रव्याचे इंजेक्शन द्यायचे असेल, तर आपल्याला मायलोमा आहे हे तेथील तंत्रज्ञाला सांगावे. काढे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ पुड्यांबद्दल मी आग्रहाने सांगतो, की त्या घेऊ नयेत. गुळवेल निरुपद्रवी म्हणून घरोघरी घेतली जाते, पण कोविडच्या काळात ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनीच २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे.

रोगपेशींतील १७ क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा (१७पी) गळालेला असणे यांसारखे जोखमीचे बदल ज्यांच्या आजारात आढळतात, त्यांना बोर्टेझोमिब या मायलोमावरील दुसऱ्या औषधाचे इंजेक्शन, बहुधा दोन आठवड्यांतून एकदा, पोटावर किंवा मांडीवर त्वचेखाली दिले जाते. तळपायांना मुंग्या येणे, चप्पल पायातून निसटल्याचे न कळणे, शर्टाची बटणे लावता न येणे, अशी लक्षणे दिसताच सांगावीत. वेळेवर मात्रा कमी केली किंवा अंतर वाढवले, तर नसांची इजा पुष्कळदा मागे फिरते. हे इंजेक्शन चालू असताना ग्रीन टीचे अर्क आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा टाळाव्यात, कारण प्रयोगशाळेतील अभ्यासांत त्यांनी औषधाचा जोर कमी केल्याचे दिसले आहे.

लसींचे वेळापत्रक प्रत्यारोपण केंद्राकडून लिहून घ्यावे. जुन्या लसींनी दिलेले संरक्षण प्रत्यारोपणात बरेचसे पुसले जाते, त्यामुळे न्यूमोनिया, फ्लू आणि इतर निष्क्रिय लसी पुन्हा घ्याव्या लागतात. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र हे उपचार चालू असताना देत नाहीत.

किती काळ, आणि थांबवायचे तेव्हा

लेनालिडोमाइड बहुधा आजार पुन्हा वाढेपर्यंत किंवा त्रास असह्य होईपर्यंत चालते, म्हणजे कित्येक वर्षे. खर्चाचा विचारही त्याच हिशेबाने करावा. भारतीय कंपन्यांची लेनालिडोमाइड उपलब्ध आहेत आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. कोणत्या कंपनीची घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे, आणि पैशांची अडचण रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्याच महिन्यात मांडावी. पैसे नाहीत म्हणून एकाआड एक दिवस कॅप्सूल घेणारे रुग्ण मला भेटले आहेत, आणि त्यांच्या डॉक्टरांना त्याचा पत्ताही नव्हता.

मात्रा बदलली किंवा औषध बंद झाले, की जुन्या कॅप्सूल घरात उरतात. त्या कचऱ्यात किंवा संडासात टाकू नयेत, आणि चांगल्या भावनेनेही दुसऱ्या रुग्णाला परस्पर देऊ नयेत, कारण त्याच्या मूत्रपिंडांना किती मात्रा सोसेल किंवा त्याच्या घरात कोणी गरोदर आहे का, हे आपल्याला ठाऊक नसते. त्या मूळ पट्टीतच ठेवून, पुढच्या भेटीला जाताना रुग्णालयाच्या औषधालयात परत कराव्यात आणि वहीत त्या तारखेपुढे किती परत केल्या ते लिहावे.